टेप ड्राइव्हवर '६' येतोय. टेप गेली की ड्राइव्ह?

फौंड्रीतला_कारकून | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. ऑफिसात कॉम्प्युटरनं कुंईं केलं की मान वर करणारा मी एकटाच, म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात.

सर्व्हरला बाहेरून एलटीओ-५ चा टेप ड्राइव्ह जोडलाय (एलटीओ म्हणजे बॅकअपच्या टेपचा प्रकार, पुढचा आकडा पिढीचा). शनिवारी पाळी सुटली की टेप घालायची, बॅकअप लावायचा, सोमवारी टेप काढून कपाटात. दहा वर्षं हेच चाललंय. पण गेले तीन शनिवार बॅकअप अर्ध्यात थांबतोय. पिवळा दिवा लागतो आणि त्या एवढ्याशा डिस्प्लेवर '६' येऊन बसतो. आज नवी कोरी टेप फोडली. चाळीस मिनिटं सुरळीत चालली, मला वाटलं सुटलो, आणि परत सहा. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ११ नंबर बऱ्याचदा, ७ नंबर दोनदा.

व्हेंडरचा माणूस येऊन गेला. डोक्यावरचं हेल्मेट न काढता बघितलं, "ड्राइव्ह गेला, आता एलटीओ-७ घ्या" म्हणाला आणि संध्याकाळी कोटेशन पाठवलं. मालकांनी ते वाचून मला विचारलं, "हे सगळं पेन ड्राइव्हवर बसत न्हाई व्हय?"

क्लीनिंग कार्ट्रिज, म्हणजे ड्राइव्ह आतून पुसायची टेप, दोनदा घालून झालं. फरक शून्य.

त्यात ऑडिटरना २०१६-१७ ची खाती पाहिजेत. ती तेव्हा अजून चालू असलेल्या जुन्या ड्राइव्हनं एलटीओ-३ टेपवर घेतलीत, आणि तो एलटीओ-३ चा ड्राइव्ह कधीच भंगारात गेला. टेप गेलीय की ड्राइव्ह, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

कट_वडा | शनिवार, रात्री ९:५२

कॅसेट उलटी करून बघितलीस काय? नाहीतर भोकात पेन्सिल घालून फिरव. आमच्याकडं भक्तिगीतं अशीच चालू व्हायची.

जुनाट_फ्लॉपी | शनिवार, रात्री १०:३०

कट_वडा, एलटीओच्या कार्ट्रिजमध्ये एकच रीळ असतं. दुसरं रीळ ड्राइव्हच्या पोटात. पेन्सिल घालायला भोक नाही, तेव्हा तू जरा थांब.

कारकूनसाहेब, मी साखर कारखान्याच्या ईडीपी (कॉम्प्युटर) विभागात नोकरी केली. पाव इंची टेपपासून सुरुवात, मग डॅट, मग एलटीओ. एकअक्षरी डिस्प्ले असेल तर तुमचा ड्राइव्ह आयबीएम पद्धतीचा दिसतो. काही कंपन्यांच्या हाफ-हाइट ड्राइव्हवर नुसते दिवे असतात, तिथे कुठला दिवा किती वेगानं लुकलुकतो ते मोजत बसावं लागतं. तुम्ही त्या मानानं सुखी.

या डिस्प्लेचे कोड असे वाचायचे. १ म्हणजे थंडाव्याची अडचण, पंखा वगैरे. २ म्हणजे वीज. ३ फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर. ४ म्हणजे फर्मवेअर किंवा हार्डवेअर. ५ आला तर दोष ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्ये. ७ आला तर टेपमध्ये. ८ म्हणजे ड्राइव्ह किंवा सर्व्हरकडे जाणारी जोडणी. आणि ६ म्हणजे 'टेप किंवा ड्राइव्ह'. म्हणजे तुम्ही आम्हाला जो प्रश्न विचारताय, तोच ड्राइव्ह तुम्हाला विचारतोय.

म्हणून ६ वर "ड्राइव्ह गेला" म्हणणाऱ्या माणसानं तक्ता वाचलेला नाही, किंवा वाचूनही कोटेशन पाठवलंय.

नियम साधा. एका टेपवर ६ आणि बाकीच्यांवर काही नाही, तर टेप गेली. दोन-तीन वेगवेगळ्या टेपांवर ६, तर ड्राइव्हकडे वळा. आणि तिथेही आधी हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) घाण आहे का ते बघा, मग ड्राइव्ह मोडलाय का ते. एक पथ्य मात्र पाळा: खराब वाटणारी टेप 'बघू चालते का' म्हणून पुन्हा पुन्हा घालू नका. दुमडलेली किंवा चिखल-धूळ धरलेली टेप चांगल्या ड्राइव्हचं हेड बिघडवते, आणि बिघडलेला ड्राइव्ह चांगल्या टेपची कड खातो. साथीचा रोग आहे तो.

२०१६-१७ ची टेप तर सध्या कपाटातून काढूच नका.

कट_वडा | शनिवार, रात्री १०:३४

म्हणजे ६ म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं 'व्हायरल असेल'.

सर्व्हरवाली | शनिवार, रात्री ११:१५

जुनाटकाकांचं बरोबर आहे, पण नुसत्या डिस्प्लेवर जाऊ नका. ते एक अक्षर म्हणजे बाहेरचा ताप, आतला रिपोर्ट वेगळा असतो. मी हिंजवडीत बॅकअपच्याच टीममध्ये काम करतो, रोज हेच बघतो.

दोन गोष्टी शोधून सांगा.

एक, बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये 'सेन्स' असा शब्द आणि पुढं तीन आकडे असतील. पहिला आकडा सेन्स की. २ असेल तर ड्राइव्ह तयार नाही, ३ म्हणजे मीडियम एरर, ४ हार्डवेअर, ५ म्हणजे सॉफ्टवेअरनं ड्राइव्हला न झेपणारी आज्ञा दिली, ६ म्हणजे 'युनिट अटेन्शन', मधे रीसेट झालं किंवा टेप बदलली. इथला ६ आणि डिस्प्लेवरचा ६ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बरेच जण इथंच फसतात. पुढचे दोन आकडे कारण सांगतात: ०सी/०० असेल तर लिहिताना चूक, ११/०० असेल तर वाचताना, ५३/०० असेल तर टेप आत घेताना किंवा बाहेर टाकताना अडकली.

दोन, 'टेपअलर्ट' शोधा. ड्राइव्ह स्वतः ६४ प्रकारचे निशाण वर करू शकतो आणि सॉफ्टवेअर ते वाचून कुठंतरी नोंदवतं. बहुतेक लोक ते पान कधी उघडतच नाहीत.

इव्हेंट ११ म्हणजे विंडोजला कंट्रोलरकडून तक्रार आली, ७ म्हणजे खराब ब्लॉक. दोन्ही एकत्र आल्यावर केबलवर शंका घ्यायला जागा आहे. ड्राइव्ह सर्व्हरच्या रेड कार्डाला (आतल्या डिस्क एकत्र चालवणारं) जोडलाय की वेगळ्या एसएएस कार्डाला (नुसती जोडणी देणारं)? टेप रेड कार्डाला जोडली की विचित्र एरर येतात. आणि केबल कट्ट आवाज होईपर्यंत बसलीय का?

मुठाकाठचा | रविवार, सकाळी ७:०५

सर्व्हरवाली, "काम करतो"? आपण ताई की दादा, एकदा नक्की करा.

सर्व्हरवाली | रविवार, सकाळी ८:२०

ताईच. कोल्हापूरची हाय, आम्ही पोरी 'जातो-येतो'च म्हणतो. पुण्यात सात वर्षं झाली तरी सुटलं न्हाई आणि सोडायचंबी न्हाई. तुम्ही टेपवर बोला.

मुठाकाठचा | रविवार, सकाळी ९:१०

टेपवर बोलतो. टेप कशाला? क्लाउडवर टाका आणि रविवारी झोपा. आमच्याकडे २०१८ पासून एकही टेप नाही. हे म्हणजे बुलेट ट्रेनच्या जमान्यात छकडा हाकणं झालं.

उद्यमनगरी_लेथ | रविवार, सकाळी ९:४०

छकड्याला नावं ठेवायची न्हाईत. २०१९ च्या ऑगस्टात शिरोली फाट्याजवळ हायवेवर पाणी होतं, सगळं ठप्प. त्या आठवड्यात इंटरनेट, लाईट, मोबाईल, सगळ्याचं काय झालं ते आम्हाला विचार. क्लाउड वर आभाळात होता आणि त्यातूनच तर पाऊस पडत होता.

मुठाकाठचा | रविवार, सकाळी ९:५८

हा विनोद मी आतापर्यंत चारशे वेळा ऐकलाय.

सर्व्हरवाली | रविवार, सकाळी १०:३०

मुठाकाठचा, क्लाउड वाईट न्हाई, आम्हीही वापरतो. पण टेपचा एक गुण कशातच न्हाई. काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलाही व्हायरस पोचत नाही. रॅन्समवेअर आलं की जोडलेल्या हार्ड डिस्क, नेटवर्कवरचे फोल्डर, सगळ्याला कुलूप लागतं. कपाटातल्या टेपला लागत न्हाई. आणि वेग बघा: एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबी लिहितो, दीड टीबीची टेप साधारण तीन तासांत भरते. एवढा डेटा एमआयडीसीतल्या लायनीवरून वर चढवायला आणि अडीअडचणीला परत खाली आणायला किती दिवस लागतील, हिशेब करा.

दोन्ही ठेवावं हे खरं. पण आत्ता त्यांचा प्रश्न तो न्हाई.

शाहूपुरीकर | रविवार, सकाळी ११:२५

महापुराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमचं ऑफिस व्हीनस कॉर्नरच्या बाजूला, तळमजल्यावर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. आम्ही ४३ ला सर्व्हर उचलून वर नेला. टेपा खालच्या कप्प्यातच राहिल्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही. 'कॅसेटा' म्हणून त्यांना कुणी मोजतच नव्हतं.

पाणी उतरल्यावर आम्ही काय केलं ते ऐका आणि तसं करू नका. टेपा गच्चीवर उन्हात वाळवल्या, पापडासारख्या. वरून कोरड्या दिसल्या म्हणून एक ड्राइव्हमध्ये घातली. डिस्प्लेवर ६, मग दुसऱ्या टेपला ५, आणि त्यानंतर चांगल्या टेपलाही ५. आतला वाळलेला गाळ हेडवर घासला गेला आणि ड्राइव्ह कायमचा गेला. पुराच्या पाण्यातला गाळ म्हणजे पॉलिश पेपर आहे.

मग डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी सांगितलं की भिजलेली टेप वाळवायचीच नाही. गाळ स्वच्छ पाण्यानं, मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा, ओली असतानाच पिशवीत बंद करून पाठवायची. ड्राइव्हमध्ये घालायची नाही. उरलेल्या चार तशा पाठवल्या. त्यातल्या तीन वाचल्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी टेपा वर गेल्या, मग बायकोचा फोन घेतला. ते अजून ऐकून घेतोय.

कट_वडा | रविवार, सकाळी ११:३१

प्राधान्यक्रम चुकला की कोड येतोच. घरी कुठला आला?

शाहूपुरीकर | रविवार, सकाळी ११:३३

१. थंडाव्याची अडचण.

फौंड्रीतला_कारकून | सोमवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

वेगळं एसएएस कार्ड आहे, रेडचं नाही. केबल काढून परत बसवली, आधी खरंच थोडी तिरकी होती, आता कट्ट आवाज आला. दुसऱ्या टेपवर बॅकअप लावला, पण ६ आलाच. ११ नंबर मात्र त्यानंतर नाही.

लॉगमध्ये सेन्स सापडला: ०३/०सी/००. तीनही शनिवारी तोच.

आणि ताई, टेपअलर्टचं पान सापडलं. तुमचं खरं आहे, ते मी दहा वर्षांत उघडलं नव्हतं. तिथं रांगच आहे. बहुतेक शनिवारी '२०', मधेच '६' आणि '३'. हे काय प्रकरण आहे?

उद्यमनगरी_लेथ | सोमवार, दुपारी १:२२

३ म्हणजे 'हार्ड एरर' न्हवं काय? बसलं. कोल्हापुरात विषय कायम हार्डच असतो.

सर्व्हरवाली | सोमवार, दुपारी १:५०

हो, ३ म्हणजे हार्ड एरर, ६ म्हणजे लिहिणं अयशस्वी. टेपअलर्टचाही एक ६ आहे, त्यामुळे आता तुमच्याकडं वेगवेगळ्या अर्थाचे ६ जमायला लागलेत, गोंधळू नका. महत्त्वाचा आकडा २०: 'आत्ता स्वच्छ करा'. ड्राइव्ह किती दिवस ओरडतोय?

फौंड्रीतला_कारकून | सोमवार, दुपारी २:०५

पहिला २० गेल्या दिवाळीच्या आधीचा दिसतोय.

पण मी क्लीनिंग केलंय ना! दोनदा!

जुनाट_फ्लॉपी | सोमवार, संध्याकाळी ६:४०

दोन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा.

पहिला: गेल्या काही महिन्यांत टेप लवकर भरायला लागली होती का? एलटीओचं हेड लिहिता लिहिताच मागून वाचून बघतं, नीट उमटलं का म्हणून. नसेल उमटलं तर तोच भाग पुढं पुन्हा लिहितं. हेडवर धूळ साचली की हे पुन्हा-पुन्हा लिहिणं वाढतं आणि टेपची जागा त्यातच जाते. एलटीओ-५ ची टेप ८४६ मीटर, त्यावर १२८० ट्रॅक, एका वेळी सोळा. म्हणजे पूर्ण भरेपर्यंत ती टेप ऐंशी वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत हेडवरून जाते. हेड मळलेलं असेल तर तुमची चाळीस मिनिटं म्हणजे तेवढ्या खेपा कशाबशा निभावल्या, एवढाच अर्थ.

दुसरा: क्लीनिंग कार्ट्रिज घातल्यावर ते किती वेळ आत राहतं?

फौंड्रीतला_कारकून | सोमवार, रात्री ८:१०

काका, अंगावर काटा आला. पूर्वी एका टेपवर सगळं बसायचं. उन्हाळ्यापासून दुसरी टेप मागायला लागला होता. मला वाटलं, डेटा वाढला. मालकांना 'धंदा वाढलाय साहेब' असंही सांगून बसलोय.

क्लीनिंग कार्ट्रिज घातलं की लगेच बाहेर येतं. अर्धं मिनिटही नाही. मला वाटलं, ड्राइव्ह हुशार आहे, पटकन पुसून घेतो.

जुनाट_फ्लॉपी | सोमवार, रात्री ८:२५

कार्ट्रिज कधीचं? लेबलवर खुणा किती?

फौंड्रीतला_कारकून | सोमवार, रात्री ८:३१

ड्राइव्हबरोबर आलेलं. दुसरं कधी घेतलंच नाही. लेबलवर छोटे छोटे चौकोन आहेत, ते कशाला असतात ते आत्ता कळलं. सगळे कोरे आहेत.

सर्व्हरवाली | सोमवार, रात्री ८:४०

टेपअलर्टच्या पानावर, क्लीनिंग घातलं त्या दोन तारखांना २२ आहे का बघा.

फौंड्रीतला_कारकून | मंगळवार, सकाळी १०:०२

आहे. दोन्ही तारखांना.

सर्व्हरवाली | मंगळवार, सकाळी १०:१०

२२ म्हणजे 'क्लीनिंग कार्ट्रिज संपलं'. एक कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं. ती मोजणी कार्ट्रिजमधल्या छोट्या चिपमध्ये असते, त्यामुळे चौकोन कोरे ठेवून ड्राइव्हला फसवता येत नाही. संपलेलं घातलं की ड्राइव्ह काही न करता बाहेर ढकलतो. खरं क्लीनिंग व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात.

कट_वडा | मंगळवार, सकाळी १०:१४

म्हणजे इतके दिवस सुकलेल्या साबणाच्या कागदानं आंघोळ चालली होती.

उद्यमनगरी_लेथ | मंगळवार, दुपारी १२:३०

कार्ट्रिज कशाला विकत घ्यायचं? दोन स्क्रू काढायचे, कापूस आणि स्पिरिट. माझ्या काकाचं व्हीसीआरचं दुकान होतं, रोज पाच-सहा हेड पुसायचा.

जुनाट_फ्लॉपी | मंगळवार, दुपारी १:०५

अजिबात नको! व्हीसीआरचं हेड आणि हे हेड यांत बैलगाडी आणि घड्याळाइतका फरक आहे. अर्ध्या इंचाच्या रुंदीत १२८० ट्रॅक बसवणाऱ्या हेडवर कापसाचा एक तंतू अडकला तरी झालं. त्या टेपच्या वाटेत पिना आणि रोलर असतात, बोटाचा तेलकटपणाही चालत नाही.

उलटही सांगतो. क्लीनिंग कार्ट्रिजची टेप मुद्दाम खरखरीत असते. दर शनिवारी 'सवय म्हणून' घालणारेही मी पाहिलेत, त्यांची हेडं आधी झिजली. ड्राइव्हनं डिस्प्लेवर इंग्रजी 'सी' (क्लीन) दाखवला किंवा टेपअलर्टनं २० दिला की घालायचं. त्याशिवाय नाही.

आता मूळ प्रश्न. ५० क्लीनिंग दहा वर्षांत संपली, म्हणजे वर्षाला पाच. आठवड्याला एकदा चालणाऱ्या ड्राइव्हला हे खूप झालं. ड्राइव्ह ठेवलाय कुठं?

फौंड्रीतला_कारकून | मंगळवार, दुपारी १:२०

माझ्या टेबलाखाली. जमिनीवर. मागे खिडकी आहे.

उद्यमनगरी_लेथ | मंगळवार, दुपारी १:२३

खिडकी कुठल्या बाजूला उघडते?

फौंड्रीतला_कारकून | मंगळवार, दुपारी १:२५

…नॉकआउटच्या बाजूला.

उद्यमनगरी_लेथ | मंगळवार, दुपारी १:४०

बोंबला. सापडलं बघा. बाकीच्यांसाठी सांगतो: नॉकआउट म्हणजे साचा फोडून गरम कास्टिंग बाहेर काढायची जागा. तिथली हवा म्हणजे वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची बारीक पूड. मी त्याच धंद्यात आहे, आमच्या ऑफिसात चहावर बशी झाकतात. ड्राइव्हचा पंखा पुढून हवा ओढतो आणि मागून सोडतो. जमिनीवर ठेवलेला ड्राइव्ह म्हणजे व्हॅक्युम क्लीनर झाला.

आमच्याकडं सीएनसीच्या कंट्रोल पॅनेलच्या पंख्याला जाळी लावतो आणि दर शनिवारी झटकतो. हाफ पॅंटीतल्या पोरालाबी कळतं ते.

मुठाकाठचा | मंगळवार, दुपारी २:३०

मी क्लाउडबद्दल काही बोलणार नाही. फक्त धुळीबद्दल बोलतो: क्लाउडवर धूळ नसते.

कट_वडा | मंगळवार, दुपारी २:३३

पुण्यात मिसळीवर तर्रीही नसते.

*(इथं मिसळीवर झालेले एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तांबड्या रश्श्यावरचे तीन कुणाला काढायचा धीर झाला नाही म्हणून पाककृती विभागात ठेवले आहेत. – संपादक)*

हिशेबनीस_सीए | बुधवार, सकाळी ९:१५

ऑडिटर लोकांच्या वतीनं एक. कंपनी असेल तर कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं ठेवावी लागतात, आणि जीएसटीची नोंद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. 'टेपवर आहे पण वाचता येत नाही' याला आमच्या भाषेत 'नाही' म्हणतात. तेव्हा ती एलटीओ-३ टेप लवकर वाचून घ्या.

गप्प_वाचक | बुधवार, सकाळी ११:००

पहिल्यांदाच लिहितोय. त्या जुन्या टेपचं राइट प्रोटेक्टचं बटण सरकवल्याशिवाय आत घालू नका. शनिवारचा जॉब आपोआप सुरू झाला तर २०१६-१७ वर नवं लिहून मोकळा होईल. आमच्याकडे झालंय.

सर्व्हरवाली | बुधवार, सकाळी ११:२०

एलटीओ-५ दोन पिढ्या मागचं वाचतो, पण एकच पिढी मागचं लिहितो. एलटीओ-३ वर त्याला लिहिताच येत न्हाई. त्यामुळं या टेपला तो धोका नाही.

गप्प_वाचक | बुधवार, सकाळी ११:२६

माहीत नव्हतं. आमची टेप त्याच पिढीची होती. तरी बटण सरकवायची सवय चांगली.

सर्व्हरवाली | बुधवार, सकाळी ११:२८

सवयीला माझाही हात वर.

आणि यावरूनच, कारकूनदादा, एलटीओ-७ चं कोटेशन आणखी एका कारणानं परत पाठवा. एलटीओ-७ वाचतो पाच आणि सहा. एलटीओ-६ वाचतो चार आणि पाच. तुमची तीनची टेप त्या दोन्हींत चालणार न्हाई. आठ आणि नऊला तर एकच पिढी मागचं चालतं. हा ड्राइव्ह भंगारात दिला असता तर २०१६-१७ सुद्धा त्याच्याबरोबर गेलं असतं.

जुनाट_फ्लॉपी | बुधवार, दुपारी ३:४५

जुनी टेप घालायच्या आधी आणखी एक बघा. कार्ट्रिजचं बारीक दार हातानं सरकवून आत टोकाची पिन जागेवर आहे का पाहायची. कपाटातून पडलेल्या कार्ट्रिजची पिन निसटते. दिसायला टेप ठणठणीत, पण ड्राइव्ह ती पकडायला जातो आणि आतली ओढायची यंत्रणाच अडकते. मग ५३/०० येतो आणि टेप बाहेरही येत नाही. आमच्या कारखान्यात अशी अडकलेली टेप काढायला एकानं पक्कड आणली होती. त्याला बाहेर काढला, मग टेप.

वर्षानुवर्षं पडून असलेली टेप असेल तर एक दिवस ड्राइव्हच्या खोलीतच ठेवा, हवामानाला सरावू दे. आपल्याकडचा पावसाळी दमटपणा टेपला सोसत नाही. आणि कपाटात आडव्या नाही, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

उद्यमनगरी_लेथ | बुधवार, दुपारी ४:१०

फौंड्रीत भंगार उचलायला मॅग्नेट असतो. त्याच्याजवळून नेऊ नको म्हणजे झालं.

जुनाट_फ्लॉपी | बुधवार, दुपारी ४:३०

हसू नका, चुंबकाचं एक खरं आहे. एका ठिकाणी 'जुन्या टेपा कोऱ्या करून वापरू' म्हणून डिगॉसरमधून (चुंबकानं पुसायचं यंत्र) काढल्या. डॅटच्या टेपा त्यातून कोऱ्या होऊन परत चालायच्या. एलटीओवर कारखान्यातच सर्वोच्या पट्ट्या लिहिलेल्या असतात, हेड त्यांच्या आधारानं जागा धरतं. त्या पुसल्या की टेप कुठल्याच ड्राइव्हला वापरता येत नाही. पन्नास टेपांचा भुगा झाला.

फौंड्रीतला_कारकून | पुढचा मंगळवार, रात्री ९:०५

अपडेट.

नवं क्लीनिंग कार्ट्रिज मुंबईहून मागवलं, सोमवारी ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आलं. ड्राइव्ह टेबलाखालून काढून आतल्या खोलीत, रॅकवर. तिथं खिडकी नाही, एसी आहे. त्यासाठी मालकांच्या देवघराची जागा थोडी सरकवावी लागली, ती वेगळी कथा.

कार्ट्रिज घातलं. या वेळी आत घुर्र घुर्र आवाज आला आणि घड्याळ लावून बघितलं, अडीच मिनिटांनी बाहेर आलं. पहिला चौकोन पेनानं काळा केला.

मग त्या शनिवारी फोडलेली नवी टेप लावली. पूर्ण बॅकअप, पडताळणीसकट. ६ नाही, २० नाही. आणि एकाच टेपवर बसला! 'धंदा वाढलाय' हे वाक्य मालकांकडून परत कसं घ्यायचं ते सुचवा.

जुन्या टेपांपैकी एक मात्र अजून त्रास देतेय. तिला काल ६, आज ७. बाकी तीन ठीक. काकांच्या नियमानं ती गेली, लाल पेननं फुली मारून बाजूला ठेवली.

एलटीओ-३ ची पिन जागेवर होती. बटण सरकवलं (गप्प_वाचक, तुमच्यासाठी). एक दिवस रॅकजवळ ठेवली. घातल्यावर सॉफ्टवेअर म्हणालं, टेप ओळखीची नाही, कॅटलॉग (टेपवर काय काय आहे त्याची यादी) बनवू का? सर्व्हर बदलला तेव्हा जुना कॅटलॉग गेला असणार. हो म्हटलं आणि तो सुरुवातीपासून वाचत सुटला. दुपारच्या चहापासून रात्रीपर्यंत. एकही एरर नाही. २०१६-१७ चं फोल्डर दिसलं तेव्हा ऑफिसात मी आणि वॉचमन दोघंच होतो. त्याला मिठी मारली. तो घाबरला.

जुनाट_फ्लॉपी | मंगळवार, रात्री ९:२०

शाब्बास. आता तो डेटा एलटीओ-५ च्या दोन टेपांवर उतरवा, आणि एक टेप फौंड्रीबाहेर ठेवा.

उद्यमनगरी_लेथ | मंगळवार, रात्री ९:२२

नाद खुळा! पार्टी कवा?

हिशेबनीस_सीए | मंगळवार, रात्री ९:४०

ऑडिटर काय म्हणाले?

फौंड्रीतला_कारकून | बुधवार, दुपारी १:१०

त्यांना एकाच पार्टीचं खातं पाहिजे होतं. "पीडीएफ नको, प्रिंट द्या" म्हणाले. दोन पानं.

व्हेंडरचा पण फोन आला होता, "एलटीओ-७ चं काय ठरलं?" म्हणून. त्याला विचारलं, त्यात एलटीओ-३ चालेल का? म्हणाला, "चालंल की, न चालायला काय झालं."

सुट्टीवर_आलोय | शुक्रवार, रात्री ११:५०

धागा आत्ता वाचला. माझ्याकडे असाच ड्राइव्ह आहे, त्यावर इंग्रजी 'जे' येतोय. हेड साफ करू का?

सर्व्हरवाली | शनिवार, सकाळी ८:१५

'जे' म्हणजे न चालणारी टेप. कुठल्या ड्राइव्हमध्ये कुठली टेप घातलीय?

सुट्टीवर_आलोय | शनिवार, सकाळी ८:४०

ड्राइव्ह पाचचा. टेप सातची. दुकानदार म्हणाला, चालंल की.

कट_वडा | शनिवार, सकाळी ८:४१

कारकून, तुमचा व्हेंडर सापडला.